तारवाला डॉक्टर

आमच्या वाड्यात तार आली की पहिल्यांदा कोणी ती उघडत नसे. तारवाला दारात उभा राहायचा, सहीसाठी पेन्सिल पुढे करायचा आणि आजी देवघराच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसायची. मग शेजारचे इंग्रजी जाणणारे मास्तर यायचे, चष्मा पुसायचे, कागद उलगडायचे. त्या दोन-तीन मिनिटांत घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात एकेका नातेवाइकाला पोहोचवलेले असायचे! पुष्कळदा मजकूर निघायचा साधाच : मुलगा झाला, बाळंतीण सुखरूप, किंवा अमुक गाडीने येतो, स्टेशनवर यावे. पण तारेची धास्ती काही गेली नाही. १४ जुलै २०१३ या दिवशी आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा शेवटची तार करायला जागोजागी रांगा लागल्या. त्या बातम्या पाहताना मला आजीचा तो उंबरठा आठवला.

पुढे नोकरी लागली ती बँकेत. तिथे तारेचे निराळेच दर्शन घडले. तालुक्याच्या शाखेत टी.टी. म्हणजे तारेने पाठवलेले पैसे आले, की दोघा अधिकाऱ्यांनी मिळून तारेतला गुप्त आकडा जमवायचा. तारीख, रक्कम, शाखा यांचे ठरलेले आकडे कोष्टकातून काढून बेरीज करायची आणि ती जुळली तरच पैसे द्यायचे. दोन ओळींच्या त्या कागदावर विश्वास ठेवून आम्ही हजारो रुपये मोजून देत असू. ही तार आली कुठून, आपल्या देशात ती पहिल्यांदा कोणी ताणली, हा प्रश्न त्या वेळी कधी डोक्यात आला नाही. सेवानिवृत्त झाल्यावर फावल्या वेळात वाचू लागलो आणि एका विलक्षण माणसाची गाठ पडली. माणूस डॉक्टर होता. नाव विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी.

आयर्लंडमधल्या लिमरिक गावी १८०९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण एडिंबरोला. १८२९ मध्ये तो एम.डी. झाला तेव्हा मिसरूड फुटून फार दिवस झाले नसावेत. पदवी घेऊन लंडनला आला आणि तिथे पहिली ठेच लागली. लंडनमध्ये दवाखाना थाटायचा तर तिथल्या वैद्यक संस्थेचा परवाना हवा. एडिंबरोची पदवी चालायची नाही. परवाना काही मिळेना. तेव्हा त्याने रसायनशास्त्राची वाट धरली. विषांची परीक्षा करणे, वैद्यकीय पत्रिकांतून लिहिणे असा उद्योग सुरू झाला. लहान मुलांच्या रंगीबेरंगी गोळ्या-मिठाया तपासून त्यांच्या रंगांत शिसे आणि पारा यांची विषारी संयुगे असतात, हे त्याने १८३१ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकात दाखवून दिले. जत्रेतल्या लालभडक गोळ्यांवरून आपण आपल्या नातवंडांना रागावतो, त्याला असे जुने शास्त्रीय पाठबळ आहे.

१८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील संडरलँड बंदरात पटकी शिरली. कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी किंवा महामारी म्हणत. गावेच्या गावे ओस पाडणारा रोग. त्या काळचे डॉक्टर यावर उपाय काय करत? शीर कापून रक्त काढत! आधीच जुलाब-उलट्यांनी निर्जल झालेल्या माणसाचे उरलेसुरले रक्तही काढून टाकायचे. बाविशी-तेविशीचा ओ'शॉनेसी संडरलँडला गेला, त्याने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्याच्या ध्यानात आले की त्या रक्तातले पाणी गेलेले आहे, मीठ गेलेले आहे, क्षारही गेलेले आहेत. आणि जे रक्तातून गेले ते सगळे रोग्याच्या जुलाबात सापडते आहे. मग जे गेले ते परत भरा, असे त्याने मांडले. इतकी सरळ गोष्ट! पुढच्याच वर्षी, १८३२ च्या मे महिन्यात, स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या टॉमस लाट्टा या डॉक्टरने ही कल्पना उचलून रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. मरणाच्या दारातून काही माणसे परत आली. पण लाट्टा पुढच्याच वर्षी वारला, साथ ओसरली आणि हा उपाय कित्येक दशके अडगळीत पडला. आज इस्पितळात खाटेशेजारी जी सलाइनची बाटली टांगलेली दिसते, तिच्या मुळाशी हा मुलगा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंना वाचवले, त्यामागेही तोच विचार : जे गेले ते परत भरा.

मात्र विलायतेत त्याला भवितव्य नव्हते. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील नोकरीत साहाय्यक सर्जन म्हणून तो दाखल झाला आणि कलकत्त्याला आला.

१८३५ मध्ये कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज निघाले आणि ओ'शॉनेसी तिथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे तेच कॉलेज, जिथे १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी धर्माची बंधने झुगारून प्रेताचे विच्छेदन केले. एकीकडे हा माणूस बंगाली मुलांना प्रयोग करून दाखवत होता आणि दुसरीकडे इथल्या वैद्य-हकिमांशी बोलून औषधांची माहिती गोळा करत होता. गांजा हे त्याच्या कुतूहलाचे खास ठिकाण. आपल्याकडे बैराग्यांच्या चिलमीत जाणारी ही वस्तू औषधी आहे का, हे त्याने आधी जनावरांवर तपासले. मांसाहारी प्राणी झिंगतात, चारा खाणाऱ्यांवर मात्र कितीही दिली तरी विशेष परिणाम होत नाही, असे त्याला आढळले. मग धनुर्वात, संधिवात, आचके येणारी तान्ही मुले अशा रोग्यांवर बेताबेताने प्रयोग केले. धनुर्वात बरा होतो असा दावा त्याने केला नाही; यातना कमी होतात, एवढेच नोंदवले. युरोपच्या वैद्यकात गांजाचा शिरकाव झाला तो याच्या १८३९ च्या निबंधामुळे. आपल्या देशातली औषधे नीट मांडणारा 'बेंगॉल डिस्पेन्सेटरी' हा जाडजूड ग्रंथ १८४२ च्या सुमारास त्याने सिद्ध केला.

गांजाचा निबंध आणि तारेचा पहिला प्रयोग, दोन्ही एकाच वर्षीचे. १८३९! सकाळी कॉलेजात शिकवायचे, रोगी पाहायचे, आणि मग हुगळी ओलांडून शिबपूरच्या वनस्पती उद्यानात जायचे. तिथले प्रमुख डॉ. वॉलिच. त्या उद्यानात त्याने बांबू रोवले आणि त्यांवरून लोखंडी तार इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी पुन:पुन्हा फिरवत एकूण २१ मैल लांबीची केली. वाळवणाच्या दोरीसारखी. तिचा काही भाग, सुमारे ७००० फूट, नदीच्या पाण्याखालूनही नेला. त्या वेळी इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांची तार नुकतीच रेल्वेच्या कडेने धावू लागली होती. अमेरिकेत मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही ओळ यायला आणखी पाच वर्षे होती. इथे तर ना कारखाना ना कारागीर. तरीही वीज २१ मैल धावली.

संदेश ओळखायचा कसा, याची त्याने काढलेली युक्ती वाचून मला हसू आवरेना. दोन टोकांना एकाच वेळेला लावलेली दोन घड्याळे ठेवायची आणि पलीकडच्या माणसाने तारेला बोट लावून बसायचे. ज्या क्षणी झटका बसेल त्या क्षणी काटा ज्या अक्षरावर असेल ते अक्षर लिहून घ्यायचे. म्हणजे एक लांबलचक पत्र यायचे झाले तर बिचाऱ्याच्या बोटाचे काय झाले असते! पण यात एक गंभीर गोष्टही आहे. नाजूक, महागडी यंत्रे इथल्या हवेत टिकणार नाहीत, जे काय करायचे ते इथल्या साहित्यात आणि इथल्या माणसांकडून करता आले पाहिजे, हे त्याने पहिल्या दिवसापासून ओळखले होते.

सरकारने या प्रयोगाकडे ढुंकून पाहिले नाही. लॉर्ड ऑकलंडचे सरकार तेव्हा अफगाणिस्तानच्या मोहिमेत गुंतलेले. ओ'शॉनेसीने आपला वृत्तान्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला, आणि तार गुंडाळून ठेवली. पुढे तो रजेवर विलायतेला गेला, तिथे १८४३ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. परतल्यावर कलकत्त्याच्या टांकसाळीत सोन्या-चांदीचा कस पाहणाऱ्या खात्यात नेमला गेला. एक बँकवाला म्हणून मला ही नेमणूक फार आवडते. कस लावायची सवय माणसाला आयुष्यभर उपयोगी पडते.

टांकसाळीतच त्याला शिवचंद्र नंदी हा तरुण बंगाली सहकारी मिळाला. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते.

१८४८ मध्ये लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला. मराठी माणसाला डलहौसी म्हटले की दुसऱ्याच गोष्टी आठवतात. सातारचे राज्य त्यानेच खालसा केले, नागपूरचे भोसले त्यानेच बुडवले, झाशीही त्यानेच घेतली. पण नवी यंत्रे, नवे रस्ते, रेल्वे, टपाल यांचे त्याला वेडच होते. राज्ये खालसा करायची आणि तारा ओढायच्या ही एकाच हाताची दोन कामे होती. इतका मोठा मुलूख गिळल्यावर तो मुठीत ठेवायला काहीतरी लागणारच. बारा वर्षे धूळ खात पडलेल्या ओ'शॉनेसीच्या कल्पनेला अखेर असा वाली मिळाला. याबद्दल आनंद मानावा की खेद, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

आधी प्रयोगादाखल कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी ओळ टाकायचे ठरले. डायमंड हार्बर म्हणजे हुगळीच्या मुखाकडचे ठिकाण. कोणते जहाज आले, कोणते बुडाले, हे कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना तिथून कळायचे. ओ'शॉनेसीने या ओळीसाठी विलायती बारीक तार वापरलीच नाही. बोटाएवढ्या जाड लोखंडी सळया एकमेकींना जोडत नेल्या. कारण? माकडे लोंबकळणार, गिधाडे बसणार, वादळे होणार. जमिनीखालून न्यायचा भाग आला तिथे सळईभोवती डांबरात बुडवलेले मद्रासी कापड गुंडाळले आणि घरावर घालतो तसली कौले उलटी मांडून, त्यांत वाळू आणि राळ यांचे मिश्रण ओतून, त्यात सळई पुरली. गोऱ्या इंजिनिअरांना हे गावठी वाटले असेल. पण कापड, कौल, राळ, वाळू यांतले काय बाजारात मिळत नव्हते? संदेश वाचायला त्याने स्वतः बेतलेले एक साधे, स्वस्त यंत्र होते : विजेच्या झटक्याने सुई डावीकडे किंवा उजवीकडे झुकायची आणि त्या झुकण्यावरून अक्षरे लावायची. बोटाला झटके देणे त्याने सोडून दिले होते, हे वाचून बरे वाटले.

१८५१ मध्ये ही ओळ तयार झाली. पहिला संदेश डायमंड हार्बरहून पाठवला तो शिवचंद्र नंदी यांनी. इकडे कलकत्त्याच्या टोकाला ओ'शॉनेसी बसला होता आणि शेजारी खुद्द गव्हर्नर जनरल. सुई हलली. या खात्याचे काम पाहणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत नंदींचे नाव येते. पुढे पद्मेसारख्या अफाट नदीच्या तळाशी तारेचा दोर टाकायची वेळ आली, तेव्हा आगबोटीचा खर्च परवडेना. नंदींनी कोळ्यांच्या होड्या जमवल्या आणि काम तडीस नेले. सरकारने त्यांना १८८३ मध्ये रायबहादूर केले. एवढेच!

मग १८५२ चा एप्रिल उजाडला. ब्रह्मदेशाशी दुसरे युद्ध चालू होते. रंगून पडल्याची बातमी घेऊन जहाज हुगळीच्या मुखाशी पोहोचले आणि जहाज कलकत्त्याला यायच्या आतच बातमी तारेने गव्हर्नर जनरलच्या हातात. डलहौसीला आणखी काय हवे होते? साऱ्या हिंदुस्थानभर तार टाकण्याचा प्रस्ताव घेऊन त्याने ओ'शॉनेसीलाच विलायतेला धाडले आणि एरवी कागदांच्या ढिगाखाली वर्षे घालवणाऱ्या कंपनीच्या संचालकांनी चटकन होकार दिला. ज्या लंडनने दवाखान्याचा परवाना नाकारला होता, तिथून हा माणूस आता हिंदुस्थानच्या तारखात्याचा प्रमुख होऊन निघाला.

१८५३ च्या नोव्हेंबरात काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी कलकत्त्याहून आग्र्याला तार पोहोचली. सुमारे ८०० मैल, पाच महिन्यांच्या आत. आजही रस्त्याचा एक पूल पाच महिन्यांत होत नाही. आग्र्याहून एक ओळ इंदूरमार्गे आपल्या मुंबईला आली, दुसरी पंजाबात गेली. मुंबईहून मद्रास जोडले गेले. जिथे जे लाकूड मिळेल त्याचे खांब, दक्षिणेत काही ठिकाणी चक्क ग्रॅनाइटचे. सोन, तुंगभद्रा अशा रुंद नद्यांत पाण्याखालून दोर. वाळवीने खांब खाल्ले, पुराने वाहून नेले, वादळाने तारा तोडल्या. पुन्हा उभे केले. १८५६ मध्ये डलहौसी परत गेला तोवर सुमारे चार हजार मैल तार ताणली गेली होती. त्याच वर्षी ओ'शॉनेसीला 'सर' ही पदवी मिळाली.

तार सामान्य लोकांना खुली झाली ती फेब्रुवारी १८५५ मध्ये. दर होता दर ४०० मैलांना १६ शब्दांसाठी एक रुपया. सवयीने मी हिशेब मांडून पाहिला. म्हणजे १६०० मैल लांब तार करायची झाली तर १६ शब्दांना चार रुपये. त्या काळी चार रुपयांत साध्या कुटुंबाचा किती दिवसांचा शिधा आला असता, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तेव्हा तार केली ती सरकारने आणि पेढीवाल्यांनी. तारेत शब्द मोजून लिहायचे, अव्यये गाळायची, ही काटकसर तेव्हापासूनची. आमच्या काळात सणासुदीच्या शुभेच्छांनाही नुसते क्रमांक होते. आकडा लिहिला की पलीकडे अख्खे वाक्य उमटायचे. एका लग्नात दिवाळीच्या शुभेच्छा पोहोचल्याचे मी पाहिले आहे.

आता १८५७. मेरठच्या बातम्या घेऊन ११ मे रोजी शिपाई दिल्लीत शिरले. तारघर शहराबाहेर होते. तिथला प्रमुख टॉड मेरठकडची ओळ का बंद पडली ते पाहायला गेला, तो परत आलाच नाही. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन पोरसवदा तारबाबू मागे राहिले होते. त्यांनी दिल्लीत काय चालले आहे ते अंबाल्याला कळवले आणि ते निसटले. त्या दोन-चार ओळींमुळे पंजाबातले इंग्रज अधिकारी सावध झाले आणि तिथल्या देशी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. बंडवाल्यांना तारेचे मर्म कळत नव्हते असे नाही. त्यांनी शेकडो मैल तार तोडली, खांब उपटले. पण पुष्कळशी कामगिरी तोवर तारेने उरकली होती. तात्या टोपे आणि नानासाहेबांचे नाव घेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे प्रकरण वाचताना ओ'शॉनेसीचा राग यायला हवा. थोडा येतोही. आणि मग संडरलँडमधल्या निळ्या-काळ्या पडलेल्या रोग्यांशेजारी बसून रक्ताचे थेंब तपासणारा तो पोरगा आठवतो. माणसाचा हिशेब वहीतल्या जमाखर्चासारखा जुळत नाही, हे चाळीस वर्षे खतावण्या जुळवूनही मला उशिराच उमगले.

१८५७ च्या सुमारास त्याच्या सुईच्या यंत्राची जागा मोर्सच्या यंत्राने घेतली. आपल्या ओळखीचे कडकट्ट-कडकट्ट ते हेच. स्वतःचे यंत्र बाजूला सारून दुसऱ्याचे चांगले यंत्र आणायला मन मोठे लागते. ओ'शॉनेसीने तो बदल आपणहून केला.

१८६० च्या आगेमागे तो हिंदुस्थान सोडून गेला तो कायमचा. जवळजवळ सत्तावीस वर्षे इथे काढली होती. १८६१ मध्ये त्याने ब्रूक हे आडनाव घेतले आणि तो सर विल्यम ओ'शॉनेसी ब्रूक झाला. आधीचे सारे लेखन, सारी कीर्ती ओ'शॉनेसी या नावावर; उरलेले आयुष्य दुसऱ्याच नावावर. खाते एका नावाचे आणि सही दुसऱ्या नावाची असली की बँकेत जो घोटाळा होतो, तोच इथे झाला. पटकीचा अभ्यास करणारा, गांजाचा निबंध लिहिणारा आणि तार ताणणारा हा एकच माणूस, हे लोक विसरून गेले. वैद्यकाच्या इतिहासात तो तारेवाचून आहे आणि तारेच्या इतिहासात वैद्यकावाचून.

परतल्यानंतरची सुमारे अठ्ठावीस वर्षे त्याने निवांतपणे काढली. शास्त्रात नवे काही केले नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथसी या गावी जानेवारी १८८९ मध्ये तो वारला. तोवर समुद्राखालून तार येऊन विलायत आणि मुंबई जोडली गेल्याला एकोणीस वर्षे होत आली होती. शिवचंद्र नंदी तेव्हा कलकत्त्यात हयात होते.